पाना कुठून घालायचा : अण्णांबरोबर आठ दिवस

सांगलीतल्या आमच्या गॅरेजवर एअरफोर्समधून निवृत्त झालेले एक काका त्यांची फियाट घेऊन यायचे. गाडी खोलून पडली की बाकावर बसून चहा पीत त्यांचं एकच पालुपद असायचं. कुठल्या देशाची गाडी कळायला हवी असेल तर त्या देशाचं लढाईतलं विमान बघा. इंग्रजांचं स्पिटफायर देखणं, तशीच त्यांची जॅग्वार. जर्मनांचं विमान म्हणजे गच्च आवळलेला नट, गाडीही तशीच. आणि इटालियनांचं आधी रूप, मग बाकीचं. अण्णा बॉनेटखालून 'हूं' म्हणायचे. त्या 'हूं'चा अर्थ 'असेल बुवा' असाही व्हायचा आणि 'जरा दिवा इकडं धरा' असाही.

काका गेले. गॅरेजही चार वर्षांपूर्वी बंद केलं. अण्णा आता ७२ वर्षांचे आहेत. धाकटी बहीण लंडनजवळ स्लाउला राहते, तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी सहज म्हणालो, "अण्णा, काकांचं म्हणणं खरं का खोटं ते बघून यायचं का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पण बॅग भरताना मोज्यांच्या शेजारी त्यांची जुनी टॉर्च दिसली, तेव्हा समजलो.

दिवस १, शनिवार : हेंडन

कोलिनडेल स्टेशनवरून थोडं चाललं की रॉयल एअर फोर्स म्युझियम लागतं. एके काळी हे हेंडनचं विमानतळ होतं, आता भोवती फ्लॅटच्या इमारती. तिकीट नाही म्हटल्यावर अण्णांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आम्हाला बघायची होती १९४० सालची तीन विमानं : इंग्रजांचं स्पिटफायर, जर्मनांचं मेसरश्मिट १०९ आणि इटालियनांचं फियाट सीआर ४२. तिघंही त्याच वर्षी इंग्लंडच्या आकाशात होती. यातलं फियाट तर इथं स्वतःच आलं. ११ नोव्हेंबर १९४० ला ऑरफर्डनेसच्या किनाऱ्यावर त्याला उतरावं लागलं, ते परत गेलंच नाही.

स्पिटफायर दिसलं आणि काकांची आठवण आली. देखणं आहेच. पंखाला कुठं सरळ रेघ नाही, पिंपळपानासारखी कड वळत वळत टोकाला मिटते. आर. जे. मिचेल यांच्या या विमानानं ५ मार्च १९३६ ला पहिलं उड्डाण केलं आणि पुढच्याच वर्षी मिचेल गेले. पंखाच्या आकारामागे बेव्हर्ली शेन्स्टन या कॅनडाच्या माणसाचा मोठा हात होता, आणि तो आधी जर्मनीत काम करून आलेला होता. पंख पातळही हवा आणि बुंध्याशी तोफा, चाकं मावतील इतका रुंदही हवा, त्यातून हा आकार आला. शिवाय पंखाला बुंध्यापासून टोकापर्यंत किंचित पीळ आहे. विमानाचा वेग फार कमी झाला तर आधी बुंध्याकडची हवेची पकड सुटते, विमान थरथरतं आणि वैमानिकाला आधीच कळतं.

अण्णा टॉर्च लावून पंखाखाली बघत होते. "एक फासळी दुसरीसारखी नाही," ते म्हणाले. "हे बनवणाऱ्यानं लई शिव्या घातल्या असतील."

घातल्याच असणार. हे विमान कारखान्यात बनवायला फार किचकट होतं, १०९ पेक्षा कितीतरी जास्त वेळ खायचं.

१०९ पुढं अण्णा जास्त वेळ थांबले. त्याला रूप असं नाही. पंख सरळ कापलेले, टोकं चौकोनी, वैमानिकाच्या डोक्यावर जाड पट्ट्यांची काचपेटी, तीही सरकत नाही, खिडकीसारखी एका बाजूला उघडते. आत माणूस कसा मावत असेल असं मी म्हणत होतो तोवर अण्णा खाली बसले. "चाकं बघ. पंखाला नाहीत, पोटाला लावलीत." खरंच, चाकांचे पाय धडालाच जोडलेले. म्हणजे दोन्ही पंख काढले तरी विमान स्वतःच्या पायावर उभं राहतं, खाली टेकू द्यावा लागत नाही. इंजिनाच्या भोवतीचे पत्रेही मोठमोठे, भराभर उघडणारे. "हे मेकॅनिकला विचारून केलंय," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, "डायव्हरला विचारलेलं दिसत नाही." तेही बरोबर. पाय एकमेकांजवळ आल्यानं हे विमान जमिनीवर डुगडुगायचं, उतरताना एका बाजूला ओढायचं, आणि त्यात बरीच विमानं आणि माणसं गेली. स्पिटफायरचे पायही जवळच होते म्हणा, पण १०९ ची त्याबाबतीत जास्त बदनामी.

आता काकांच्या म्हणण्याला पहिला तडा. हे अस्सल जर्मन विमान १९३५ च्या मे महिन्यात पहिल्यांदा उडालं, ते रोल्स-रॉइसच्या केस्ट्रल इंजिनावर. जर्मन इंजिन तयारच नव्हतं. आणि युद्धानंतर स्पेनमध्ये याच विमानाची शेवटची आवृत्ती बनली, तिला बसवलं स्पिटफायरचंच मर्लिन इंजिन. सुरुवात इंग्लिश, शेवट इंग्लिश. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मॅटाडोरला दुसरं इंजिन बसवून आपण नाही का चालवल्या?"

मर्लिनची गंमत मात्र अण्णांनीच पकडली. बारा सिलिंडर, २७ लिटर वगैरे मी वाचून दाखवत होतो. कार्बोरेटरचं नाव आलं, एसयू. "एसयू? ॲम्बॅसॅडरचा?" त्याच घराण्यातला. अण्णांनी आयुष्यभर ज्याचं पिस्टन वर-खाली करून पाहिलं, सुई पुसली, ऑइलचे चार थेंब सोडले, त्याचा थोरला भाऊ इथं विमानात. आणि खोडही घरचीच. स्पिटफायरनं एकदम नाक खाली घातलं की फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल वर उसळायचं, इंजिन आचका द्यायचं, मग एकदम भरमसाट पेट्रोल येऊन गुदमरायचं. १०९ च्या डाइमलर-बेंझ इंजिनाला कार्बोरेटरच नव्हता, पंपानं थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल. त्यामुळं जर्मन वैमानिक सरळ बुडी मारून निसटायचा आणि इंग्रजाला आधी विमान उलटं करून मग मागं जावं लागायचं.

यावर १९४१ मध्ये तोडगा काढला बिअॅट्रिस शिलिंग या बाईंनी. फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत त्या इंजिनिअर होत्या, आणि युद्धाआधी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवून बक्षीस मिळवलेल्या. त्यांनी पेट्रोलच्या वाटेवर मधोमध मापाचं भोक असलेली एक छोटी पितळी चकती बसवली. इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल जाणार, पूर येणार नाही. त्यासाठी विमान कारखान्यात न्यायची गरज नव्हती. बाई आपली माणसं घेऊन तळातळावर फिरल्या आणि चकत्या बसवून आल्या. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण लढता येऊ लागलं.

"वायसर टाकून युद्ध भागवलं," अण्णा म्हणाले. दिवसभरात त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. फियाटकडं त्यांनी शेवटी पाहिलं. दोन मजली पंख, वर टप नाही. "पावसात काय करायचा गडी?" एवढंच.

दिवस २, रविवार : कॅसल ब्रॉमिच आणि गेडन

दाजींनी गाडी काढली. बर्मिंगहॅमच्या कडेला कॅसल ब्रॉमिचला एका चौकात तीन स्पिटफायर आकाशात फुटून निघाल्याचं शिल्प आहे. शेजारीच तो कारखाना, जिथं युद्धात सुमारे १२ हजार स्पिटफायर बनली, म्हणजे एकूणातली निम्म्याहून जास्त. पण सुरुवात फजितीची होती. काम दिलं होतं लॉर्ड नफील्ड यांना, मॉरिस मोटारींचे मालक. ज्यांची मॉरिस ऑक्सफर्ड पुढं आपल्याकडं ॲम्बॅसॅडर झाली, तेच. एवढ्या मोटारी बनवतो, विमानाचं काय, असा त्यांचा हिशेब. १९४० चा मे उजाडला तरी एकही स्पिटफायर दाराबाहेर पडलं नव्हतं. मोटारवाल्यांना एकदा नक्की झालेला नकाशा हवा असतो, मग ते हजारो नग काढतात. इथं लढाई बघून नकाशा रोज बदलायचा. शेवटी लॉर्ड बीव्हरब्रुक विमान-उत्पादन मंत्री झाले, त्यांनी कारखाना काढून विकर्स या विमान कंपनीकडं दिला आणि जूनमध्ये पहिली दहा विमानं बाहेर पडली.

पुढं याच जागेत जॅग्वार बनू लागल्या. २००३ ची एक्सजे तर अख्खी ॲल्युमिनिअमची, वेल्डिंग न करता रिव्हेट मारून आणि चिकटवून जोडलेली, विमानाचं धड जोडतात तशी. दाजी म्हणाले, "आणि २००८ ला कंपनी टाटांनी घेतली." अण्णांनी काचेतून बाहेर नजर टाकली. "म्हणजे पिंपरीचीच शाखा की."

दुपारी गेडनचं मोटार संग्रहालय. इथं मला जॅग्वारची ई-टाइप बघायची होती, कारण काकांच्या म्हणण्यातला हा सगळ्यात भक्कम पुरावा. तिचा आकार ठरवणारे माल्कम सेयर ब्रिस्टल एअरप्लेन कंपनीतून जॅग्वारमध्ये आले होते. ते चित्र काढून आकार शोधत नसत. गणितानं वळणं काढायची, लॉगची कोष्टकं आणि स्लाइड रूल घेऊन एकेक बिंदू मांडायचा. स्वतःला 'डिझायनर' म्हणवून घ्यायलाही नाखूश. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात ती गाडी लोकांसमोर आली तेव्हा लोक रूपावर भाळले, पण तो माणूस हवा सरळ जाईल का एवढंच बघत होता. समोरून पाहिलं तर बॉनेटचा फुगवटा, आत वळलेले पत्रे, छोटं तोंड, सगळं स्पिटफायरच्या नाकाची आठवण देतं. पण पंखाच्या त्या वळणाशी तिचा थेट काही संबंध नाही. नातं आहे ते हिशेबाच्या वहीचं.

बॉनेट आणि पुढचे मडगार्ड मिळून एकच मोठा पत्रा, तो पुढच्या बाजूला उलटतो. अण्णा खूष. "हात कुठूनबी घाला!" मग दोरीच्या अलीकडून वाकून मागं टॉर्च मारली आणि चेहरा पडला. मागचे डिस्क ब्रेक चाकाजवळ नाहीतच, आत डिफरन्शियलला चिकटवलेले. चाकाचं वजन कमी करायला. "पॅड बदलायचे तर निम्मी गाडी खाली घ्यायची." त्यानंतर ते ई-टाइपकडं परत गेले नाहीत. पलीकडं १९४८ ची लँड रोव्हर बघत बसले, पोलाद मिळत नव्हतं म्हणून ॲल्युमिनिअमची केलेली. ती त्यांना पटली.

दिवस ३, सोमवार : बंद दार

सकाळच्या विमानानं स्टुटगार्ट. बॅगा टाकून मर्सिडीजच्या संग्रहालयापाशी गेलो तर दारावर पाटी, सोमवारी बंद. चूक सर्वस्वी माझी. महिनाभर कागद केले आणि वार बघितला नाही. अण्णा काही बोलले नाहीत. दुकान सोमवारी बंद ठेवणं त्यांना रास्तच वाटलं, आपल्याकडंही काही गावांत असतं.

मग तासा-दीड तासाच्या गाडीनं झिन्सहाइमला. तिथलं तंत्रज्ञान संग्रहालय वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. छतावर काँकॉर्ड आणि रशियाचं टीयू-१४४ ही विमानं शेजारी शेजारी, उडायच्या पवित्र्यात तिरकी. आत चढताना पायाखालची फरशीही तिरकीच, अण्णांचा गुडघा बोलायला लागला.

खाली 'ब्रुटस' नावाचं एक धूड आहे. १९०० च्या दशकातली एक जुनी चेसी, तिच्यावर बीएमडब्ल्यूचं विमानाचं बारा सिलिंडरचं ४६ लिटरचं इंजिन. ४६ लिटर! मोटार आणि विमान यांचा संबंध दाखवायचा तर यापेक्षा ढोबळ उदाहरण मिळणार नाही, आणि यापेक्षा निरुपयोगीही नाही. अण्णांनी साखळीचा ड्राइव्ह बघितला, म्हणाले, "पोरखेळ. पण भारी आहे."

बीएमडब्ल्यूचं ते निळं-पांढरं चिन्ह म्हणजे विमानाचा फिरता पंखा, असं काकाही सांगायचे. खरं तर ते बव्हेरियाच्या निशाणाचे रंग आहेत. पंखा आला १९२९ च्या एका जाहिरातीत, चिन्हाच्या बऱ्याच वर्षांनी.

दिवस ४, मंगळवार : स्टुटगार्ट

आज मर्सिडीजचं संग्रहालय उघडं. लिफ्टनं सगळ्यात वर नेतात आणि उतरत उतरत इतिहास दाखवतात. सुरुवातीलाच एक पांढरा घोडा उभा केलाय. अण्णांना ते फार आवडलं.

इथं काकांचा दुसरा पुरावा, १९५४ ची ३०० एसएल. पंखासारखी वर उघडणारी दारं बघून सगळे विमान विमान करतात. पण दारं वर उघडतात याचं कारण सांगाडा आहे. बारीक नळ्यांची जाळी केली, ती बाजूनं उंच आली, मग दाराला खालची निम्मी जागाच उरली नाही. नाइलाजानं वर. विमान आहे ते बॉनेटखाली. रस्त्यावरच्या चार-स्ट्रोक गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारा पंप पहिल्यांदा आला तो हिच्यात. बॉशचा. शनिवारी हेंडनला स्पिटफायरला ज्यानं चकवलं, तोच प्रकार.

अण्णांना मी हे सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, "बंद केल्यावर पंप थांबतो का?" नेमकं तिथंच दुखणं होतं. चावी बंद केली तरी इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहायचा, ते सिलिंडरमधून उतरून ऑइलमध्ये मिसळायचं, ऑइल पातळ व्हायचं आणि सारखं बदलावं लागायचं. विमान तासन् तास उडतं, ते गावात भाजी आणायला जात नाही. अण्णांनी हे कुठं वाचलेलं नव्हतं. काचेच्या अलीकडून, न उघडता, दुखणं सांगितलं. मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं.

संध्याकाळी रेगेन्सबुर्ग.

दिवस ५, बुधवार : रेगेन्सबुर्ग

डॅन्यूबवरचा जुना दगडी पूल, पुलापाशी सॉसेजचा वास, आम्ही बटाट्याच्या सॅलडवर. या गावात मेसरश्मिटचा कारखाना होता. १०९ इथं बनायची. आणि युद्धानंतर त्याच कारखान्यात बनली ती तीन चाकांची गाडी, काबिनेनरोलर.

बहिणीच्या ओळखीतून एका गृहस्थाचा पत्ता मिळाला होता. सत्तरीचा माणूस, अंगणात केआर २००. फिकट हिरवी, अण्णांच्या कमरेच्या वर फार नाही. पुढं दोन चाकं, मागं एक. डोक्यावर काचेचा घुमट, तो उजवीकडं उलटतो. हेंडनच्या १०९ सारखा! मी उडालोच. लोकांत अशी वदंता आहे की युद्धातून उरलेले विमानाचे घुमटच या गाड्यांना बसवले. खोटं आहे ते. मालकानं हसून मान हलवली, हा प्रश्न त्याला बहुतेक रोज विचारला जात असणार.

खरी हकीकत जास्त चांगली आहे. फ्रिट्झ फेंड हा विमानांचा इंजिनिअर. युद्धानंतर त्यानं आधी पाय गमावलेल्या सैनिकांसाठी हातानं चालणारी तीनचाकी केली. मग तिला इंजिन आलं. मेसरश्मिटला विमानं बनवायची बंदी होती आणि कारखाना रिकामा. १९५३ ला केआर १७५, १९५५ ला ही केआर २००. माणसं एकामागं एक बसतात, कारण रुंदी कमी असली की हवा कमी अडवते आणि १९१ सीसीचं झाक्सचं एवढंसं इंजिन पुरतं. स्टिअरिंगचं चाक नाही, सायकलसारखं हँडल. अण्णा आत बसले, मागं मी. घुमट मिटला आणि कानात आमचाच श्वास. अण्णांनी हँडल जरासं हलवलं, चाकं लगेच वळली. "ह्याला अंगात घालावं लागतंय," ते म्हणाले. स्वेटरसारखं.

रिव्हर्स? मालकानं इंजिन बंद केलं, चावी आणखी आत दाबून पुन्हा चालू केली. इंजिन आता उलटं फिरत होतं. टू-स्ट्रोक, त्याला काय. म्हणजे चारही गिअर मागं जायला. अण्णा इतके हसले की घुमटावर वाफ धरली.

कॉफी पिताना मी काकांचं म्हणणं मालकाला सांगितलं, आणि हेंडनला अण्णा काय म्हणाले तेही. १०९ मेकॅनिकला विचारून केलंय. तो थोडा वेळ कप फिरवत राहिला. मग म्हणाला की १७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकन बाँबर या कारखान्यावर आले. त्याच वर्षी इथून थोड्या अंतरावरच्या फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत मेसरश्मिटचं काम सुरू झालं. आधी तिथले कैदी ग्रॅनाइटच्या खाणीत मरायचे, मग हजारो कैदी १०९ चे भाग बनवू लागले. सोपं, भराभर जोडता येणारं विमान होतं ना, त्याला शिकलेला कारागीर लागत नव्हता.

मी ते अण्णांना मराठीत सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. परत येताना पुलावर थांबले, पाण्याकडं बघत म्हणाले, "पाना कुणाच्या हातात हाय तेबी बघायला पायजे." त्यानंतर जेवणापर्यंत शब्द नाही.

१९५५ मध्ये जर्मनांना पुन्हा विमानं बनवायची परवानगी मिळाली आणि वर्षभरात मेसरश्मिटनं गाडीचा धंदा फेंडला देऊन टाकला. त्यानं ती १९६४ पर्यंत चालवली. घराण्याला परत आकाश मिळालं, गाडी कोण विचारतो.

दिवस ६, गुरुवार

म्युनिक, ब्रेनरची खिंड, व्हेरोना, मिलान. दिवसभर गाडी. डबा उघडून भडंग काढलं, समोरच्या दोन इटालियन मुलींनी चाखलं, एकीनं पाणी मागितलं. आल्प्स सुंदर आहेत, अण्णा झोपले होते.

दिवस ७, शुक्रवार : मिलान आणि तुरीन

मिलानच्या लिओनार्दोच्या नावाच्या विज्ञान संग्रहालयात मॅकी २०५ हे लढाऊ विमान आहे. मारिओ कास्तोल्दी यांचं. हे मात्र स्पिटफायरच्या पंगतीला बसेल असं रूप. पण इंजिन? डाइमलर-बेंझचं, परवाना घेऊन इटलीत बनवलेलं. आधीच्या मॅकी २०० ला इटालियन इंजिन होतं, गोल आणि रुंद, त्यानं नाक बोथट केलं होतं. जर्मन इंजिन आल्यावर इटालियन रूप खुललं. काकांना हे सांगायला हवं होतं.

त्या विमानाचा एक गुण बाहेरून दिसतच नाही. डावा पंख उजव्यापेक्षा वीतभर लांब आहे. पंखा एका बाजूला फिरला की विमान दुसऱ्या बाजूला कलतं, म्हणून ज्या बाजूला कलतं तिकडं थोडा पंख जास्त. वैमानिकाला सारखी दांडी दाबून धरावी लागत नाही. अण्णा पावलं टाकून मोजायला निघाले, मी अडवलं. म्हणाले, "शिंप्याचं काम हाय. गिऱ्हाइकाचा एक खांदा खाली असला तर तो एक बाजू वाढवून शिवतो." शिंप्याचीच गत झाली मॅकीची. हातानं, एकेक करून. १०९ ला लागतील त्याच्या कित्येक पट तास. सुरेख विमानं, आणि मोजकी.

आणि तो टप नसलेला प्रकार? इटालियन वैमानिकांना बंद काचपेटी नको असायची. फियाट जी ५० ला आधी ती दिली होती, वैमानिकांनी कुरकुर केली, काढून टाकली. वारा तोंडावर लागला पाहिजे, मान वळवून मागं बघता आलं पाहिजे. पुढं त्यांच्या शर्यतीच्या उघड्या मोटारी बघितल्या की वाटतं, सवय जात नाही.

दुपारी तुरीन. लिंगोत्तोच्या जुन्या फियाट कारखान्याच्या छतावर गाड्या पळवून बघायचा ट्रॅक आहे. कच्चा माल खाली, गाडी मजल्यामजल्यानं वर चढत पूर्ण होणार आणि छतावर धावणार. आता तिथं झाडं लावलीत. मला इथं एका माणसासाठी यायचं होतं, दान्ते जाकोसा. तिशीच्या आतला हा इंजिनिअर फियाटच्या विमान-इंजिनांच्या विभागात होता तेव्हा त्याच्यावर सगळ्यात स्वस्त गाडीचं काम आलं. १९३६ ची तोपोलिनो. त्यानं रेडिएटर इंजिनाच्या मागं आणि वर टाकला. पाणी आपोआप फिरतं, पंप नको, आणि नाक उतरतं ठेवता येतं. नंतर ११०० ही त्याचीच. आणि ११०० म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमिअरची फियाट, पुढची पद्मिनी, मुंबईची काळीपिवळी. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची गेली.

ज्या फियाटपाशी बसून काका त्यांचं पालुपद ऐकवायचे, ती गाडीच विमान-इंजिनवाल्या माणसाची होती. त्यांना हे ठाऊक नसावं, नाहीतर त्यांनी ऐकवलं असतं. अण्णांना सांगितलं. ते छताच्या कठड्याशी उभे होते. "हूं," म्हणाले.

दिवस ८, शनिवार : पोंतेदेरा

पहाटेची गाडी, एकामागून एक बोगदे आणि मधूनच चमकून जाणारा समुद्र, मग पिसा, मग पोंतेदेरा. हे गाव मोटारींचं नाही, पण सांगलीच्या गॅरेजवाल्याला इथं न आणता परत नेलं असतं तर पाप लागलं असतं.

पिआजिओ कंपनी इथं चार इंजिनांची बाँबर बनवायची. बाँबहल्ल्यात कारखाना मोडला, विमानं बंद. हेलिकॉप्टरवाल्या कोर्रादीनो दास्कानिओला सांगितलं, लोकांना परवडेल असं दोन चाकी काहीतरी कर. १९३० मध्येच हेलिकॉप्टर उडवून विक्रम केलेला हा माणूस, त्याला मोटरसायकलचा तिटकारा. चेननं पँट खराब होते, टांग टाकावी लागते, चाक पंक्चर झालं तर रस्त्यात पंचाईत. मग त्यानं चेन काढली, इंजिन चाकापाशी नेलं, पत्र्याचंच अंग हाच सांगाडा केला, गिअर हँडलवर आणला. आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडून चिमटा न घालता एकाच बाजूनं पाय दिला, विमानाच्या चाकासारखा. १९४६ ची व्हेस्पा.

साठच्या दशकात आकुर्डीला बजाजनं परवान्यावर हीच बनवली, परवाना संपल्यावर चेतक केली. आमच्या गॅरेजची निम्मी भाकरी चेतकनं दिली. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, मिळाल्यावर स्टार्ट होत नाही म्हणून ती एका बाजूला कलंडून अण्णांकडं आणायचे.

संग्रहालयात अण्णा पहिल्या व्हेस्पांच्या रांगेपाशी गेले, दुखरा गुडघा आधी टेकवला, मग बसलेच जमिनीवर. टॉर्च पुढच्या हबवर. दंडाला धरलेलं चाक, पलीकडची बाजू पूर्ण मोकळी.

"ह्या माणसानं स्वतः पंक्चर काढलंय," ते म्हणाले. "रस्त्यात. पावसात."

तेवढ्यात पहारेकरी आला. चाळिशीचा असेल, हात लावू नका असं हातानंच सांगत. मी माफी मागून मोडक्या इंग्रजी-इटालियनमध्ये सांगितलं, हे भारतातले मेकॅनिक, तीस-चाळीस वर्षं यांनी हीच चाकं खोलली. त्याला अर्धं कळलं असेल. त्यानं अण्णांकडं पाहिलं, मग हवेत दोन बोटांनी पाना फिरवल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या, कितीचा?

अण्णांना भाषा लागली नाही. एक बोट दाखवलं, मग तीन. "बारा-तेराचा. तेराची बाजू."

तो खुदकन हसला, खाली बसला आणि टॉर्चच्या उजेडात दोघं मिळून नट मोजायला लागले.